ऑइल काळं झालंय, बदलू का?

डिपस्टिकचा, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीचा, फोटो आणि खाली एवढाच प्रश्न: "ऑइल काळं झालंय, बदलू का?" मी गाडीच्या इंजिनातलं ऑइल प्रयोगशाळेत तपासून घेतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून असे फोटो सतत येतात. कोणी एक पाऊल पुढे जाऊन विचारतं, की तपासणीवरून बदलायची वेळ खरंच ठरवता येते का. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही. का, ते दोन गाड्यांवरून सांगतो.

माझी गाडी डिझेलची. नवं ऑइल भरून पाचशे किलोमीटर झाले की डिपस्टिकवरचा थेंब शाईसारखा काळा होतो. ती काजळी. ऑइलमध्ये अशी रसायनं घातलेली असतात, की ती काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, तरंगत ठेवतात, म्हणजे इंजिनात गाळ साचत नाही. ऑइल काळं पडतंय याचा अर्थ ते घाण उचलतंय. ८,००० किलोमीटरला मी नमुना पाठवला, तर ऑइलचा दाटपणा जिथल्या तिथे, काजळी एक टक्क्याच्या आत, लोखंड १६ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. त्या काळ्या ऑइलमध्ये अजून बरीच धमक शिल्लक होती.

माझ्या मित्राची गाडी पेट्रोलची, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाची. घरापासून ऑफिस चार किलोमीटर, परत येताना चार. ५,००० किलोमीटर झाले तरी त्याचं ऑइल मधासारखं दिसायचं आणि पातळी तसूभरही खाली उतरायची नाही. "माझं इंजिन ऑइल खातच नाही," असं तो कौतुकाने सांगायचा. एकदा मी त्याची डिपस्टिक नाकाशी नेली, तर पेट्रोलचा वास. नमुना पाठवला. १०० अंश सेल्सियसला त्या ऑइलचा दाटपणा नवं असताना ११ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास होता, तो ८.३ वर आला होता. डब्यावर लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० या दाटपणाच्या दर्जातला '३०' टिकायचा तर हा आकडा ९.३ च्या खाली जाऊन चालत नाही. पेट्रोलचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर.

झालं काय होतं? थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापलं की ते वाफ होऊन निघून जातं. चार किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. त्याचं इंजिन थोडं ऑइल खात होतंच, फक्त जेवढं कमी होत होतं तेवढी भर पेट्रोल घालत होतं.

म्हणजे काळं ऑइल ठणठणीत आणि मधासारखं ऑइल निकामी. दोन्हीकडे डोळ्यांनी चुकीचं सांगितलं.

आता अहवालात काय असतं ते. ही पद्धत नवी नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेत डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात झाली, आणि पुढच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने ती विमानांच्या इंजिनांसाठी उचलली. तत्त्व सोपं आहे. ज्योतीत मीठ टाकलं की ती पिवळी होते, कारण तापलेलं सोडियम स्वतःच्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतं. स्पेक्ट्रोमीटरमध्ये ऑइलचा नमुना असाच प्रचंड तापवतात. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश वेगळा, आणि तो किती प्रखर आहे त्यावरून प्रमाण कळतं. लोखंड लायनर, क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टकडून येतं, ॲल्युमिनियम पिस्टनकडून, क्रोमियम बहुधा रिंगांकडून, शिसं, कथील आणि तांबं बेअरिंगकडून. सोडियम आणि पोटॅशियम एकदम वर गेले, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कुठून तरी ऑइलमध्ये झिरपतंय का ते लगेच पाहायचं. त्यात पाणीही सापडलं तर मी गाडी चालवणार नाही.

पण कधी बदलायचं हे ठरवताना मी सगळ्यात आधी पाहतो तो टीबीएन. जळण्यातून आम्लं तयार होतात आणि ती धातू खातात. त्यांना मारायला ऑइलमध्ये क्षारधर्मी रसायनं घातलेली असतात. त्यांची किती शिल्लक उरली ते टीबीएन सांगतो. माझं ऑइल नवं असताना तो ९.८ होता. (नव्या ऑइलचाही एक नमुना पाठवाच. सुरुवात माहीत नसेल तर घसरण किती झाली हे कळणार कसं?) ८,००० किलोमीटरला ५.९, १०,००० ला ५.०. सोबत आम्लाचा आकडा असतो, टीएएन. तो हळूहळू चढत जातो. उतरणारा टीबीएन आणि चढणारा टीएएन एकमेकांना भेटायला आले की मी ऑइल बदलतो, मग बाकी अहवाल कितीही सुंदर असो.

नमुना कसा काढता यावर खूप काही अवलंबून आहे, आणि इथेच लोक घाई करतात. गाडी निदान अर्धा तास चालवून आणायची, म्हणजे तळाशी बसलेले कण ऑइलमध्ये मिसळतात. इंजिन बंद करून ड्रेन बोल्ट सोडला की पहिली धार येते ती तळचा गाळ घेऊन. ती जाऊ द्यायची. धार एकसारखी झाली की कोरडी, स्वच्छ बाटली तिच्याखाली एका हाताने धरायची, भरली की बाजूला घेऊन ताबडतोब झाकण लावायचं. हातमोजे हवेतच, ते ऑइल चटका देतं. ऑइल बदलायचं नसेल तर हातपंपाची नळी डिपस्टिकच्या भोकातून आत सोडून नमुना खेचता येतो. नळी दर वेळी नवी. मग बाटलीवर लिहायचं: गाडी किती चालली, हे ऑइल किती चाललं, मध्ये वरून किती ओतलं. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. एक लिटर ताजं ऑइल वरून ओतलं असेल, तर धातू कमी आणि टीबीएन जास्त दिसणारच, आणि त्या आकड्यांवर विसंबून तुम्ही चुकीचा निर्णय घ्याल.

एका अहवालावरून काही ठरवू नका. पहिला अहवाल ही फक्त ओळख. तिसऱ्यापासून तो बोलायला लागतो. माझ्या तिसऱ्या नमुन्यात, त्याच १०,००० किलोमीटरला, सिलिकॉन, म्हणजे धुळीतल्या वाळूत असणारं मूलद्रव्य, ७ वरून २९ वर गेलं होतं. लोखंड ३८, ॲल्युमिनियम ११. नुसतं सिलिकॉन वाढलं असतं तर मी सीलंटवर, म्हणजे इंजिनाचे सांधे बंद करायच्या लुकणावर, संशय घेतला असता, नव्या इंजिनात तसं होतं. पण सोबत झिजेचे धातूही वाढले म्हणजे धूळ आत जातेय. मी एअर फिल्टरची पेटी उघडली. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बसवताना त्याची रबरी कड एका कोपऱ्यात दुमडली गेली होती. पलीकडे, जिथे धुळीचा कणही असता कामा नये, तिथे बोट फिरवलं तर बोटावर मातकट रेघ उठली. आवाजात, ताकदीत, मायलेजमध्ये मला काडीचा फरक जाणवला नव्हता. टीबीएन चांगला होता तरी ते ऑइल मी त्याच दिवशी काढलं. पुढच्या खेपेला सिलिकॉन ८.

त्यानंतर मी एकदा ऑइल १२,००० पर्यंत चालवून पाहिलं. टीबीएन ३.७, टीएएन ३.५. जवळजवळ भेटलेच. मी परत १०,००० वर आलो, आणि गाडीच्या पुस्तकात तोच आकडा छापलेला आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासणी करून ऑइल लांबवायचं असतं. खूप गाड्या चालवणाऱ्यांना त्यात पैसा वाचतो. एका गाडीवाल्याचा तपासणीचा खर्चच इतका होतो, की बचतीसाठी हे करू नये. इंजिनाची तब्येत कळावी म्हणून करावं. वॉरंटी चालू असेल तर कंपनीने दिलेली मुदत पाळाच, अहवाल काहीही म्हणो. आणि पाच-दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे तुकडे स्पेक्ट्रोमीटरला नीट दिसत नाहीत. म्हणून जुना ऑइल फिल्टर कापून, त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहायची सवय मी सोडलेली नाही.

मित्र आता ५,००० च्या आधीच ऑइल बदलतो आणि दर रविवारी गाडी तासभर लांब पळवतो. पुढच्या नमुन्यात पेट्रोल दोन टक्क्यांच्या आत आलं, दाटपणा १० च्या वर राहिला. मात्र डिपस्टिकवरची पातळी आता हळूहळू खाली सरकते. परवा त्याचा फोटो आला, "कमी होतंय, घाबरू का?" मी लिहिलं, नको, इतके दिवस ते पेट्रोलने झाकलं जात होतं. वरून किती ओतलंस तेवढं लिहून ठेव, पुढच्या बाटलीवर टाकायचंय.