खुडूक कोंबडीखाली पिल्लं फुटल्यावर

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू आली की हात लावायचा मोह आवरा. सगळी पिल्लं एकदम फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दीड दिवसाचंही अंतर पडतं. आधी निघालेली उपाशी राहतील ही भीती नको. फुटण्याआधी अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्यावर दोन दिवस सहज निघतात. उलट कोंबडीला उठवलं तर अर्धवट टोचलेल्या अंड्याचं आतलं आवरण सुकतं आणि पिल्लू आतच अडकतं. कोंबडी स्वतः पिल्लं घेऊन उतरली की मगच रिकामी टरफलं आणि न फुटलेली अंडी काढून टाका.

ऊब ही कोंबडीची जबाबदारी, तिथे बल्ब लावायची गरज नाही. आपलं काम तीन गोष्टींचं: जागा कोरडी ठेवणं, खाद्य पिल्लांच्याच पोटात जाऊ देणं आणि घार, कावळा, मुंगूस, मांजर यांना लांब ठेवणं. पहिले दोन-तीन आठवडे कोंबडी पिल्लांसकट डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) किंवा बारीक जाळीच्या खुराड्यात असावी. दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर सोडली की ती लांब फिरते, मागे राहिलेलं पिल्लू गारठतं किंवा घारीच्या तोंडी जातं. गावठी कोंबडीची दहातली चार-पाच पिल्लं का उरतात, याचं उत्तर बहुतेक वेळा याच घाईत असतं.

खाली भाताचं तूस दोन बोटं जाड पसरा. वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकून पिल्लं अधू होतात. पाणी उथळ ताटलीत द्या आणि तिच्यात खडे टाका, म्हणजे चोच बुडते पण पिल्लू भिजत नाही. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ चालतो.

खाद्याची चूक सगळ्यात जास्त होते. नुसती तांदळाची कणी घातली की पोट भरतं, पण पिसं आणि हाडं धरत नाहीत. पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, लागतं. ते परवडत नसेल तर मक्याच्या बारीक भरड्यात शेंगदाणा पेंड आणि सुकटीची पूड मिसळा, वाळवी मिळाली तर फारच उत्तम. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लांसमोर येऊ देऊ नका, त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. उलट चाललं तर बिघडत नाही: पिल्लं बरोबर असेपर्यंत आईनेही स्टार्टर खाल्लं तरी चालतं.

तरी आई आणि इतर कोंबड्या महागडं खाद्य फस्त करतातच. त्यावर सोपा उपाय आहे. रिकामं डालगं तीन विटांवर पालथं घाला आणि खाद्याचं भांडं आत मधोमध ठेवा. खालच्या फटीतून पिल्लं आत शिरतात, मोठ्यांची मान पोचत नाही. पिल्लं वाढतील तशी फट थोडी वाढवा.

लसीकरण चुकवू नका. सातव्या दिवशी लासोटाचा (मानमोडीवरच्या, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लसीचा) एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की बर्फावर ठेवूनही तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या घरांशी बोलून एकाच सकाळी सगळ्यांची पिल्लं उरकून घ्या.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिसं फुगवून, पंख पाडून, डोळे मिटून उभं राहिलेलं पिल्लू दिसलं तर लगेच विष्ठा पाहा. रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ती ओल्या तुसात वाढते, पावसाळ्यात हमखास. ओलं तूस त्याच दिवशी काढा आणि पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम हे त्यावरचं औषध पाण्यातून सगळ्यांनाच द्या, एकट्या आजारी पिल्लाला नव्हे. पिल्लं नुसतीच खंगत असतील तर आईच्या पंखाखाली उवा शोधा. त्या तिच्याकडूनच पिल्लांच्या डोक्यावर चढतात.

सहा ते आठ आठवड्यांनी पिसं पूर्ण भरली की आई वेगळी करा, म्हणजे ती लवकर पुन्हा अंड्यावर येते. हलवायची ती कोंबडी, पिल्लं नव्हेत. ओळखीच्या खुराड्यात ती संध्याकाळी आपोआप शिरतात. नवीन जागी नेली तर अंधार पडेपर्यंत बाहेरच राहतात.