न्यूअर्क: जखम तीच, सरकार बदललं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जाणारी गाडी साधारण दीड तासात न्यूअर्कला पोचवते. इंग्लंड बघायला आलेली आपली मंडळी इथे सहसा उतरत नाहीत, त्यांना यॉर्क नाहीतर एडिनबरा गाठायचं असतं. मी उतरले ते सतराव्या शतकातल्या जखमी शिपायांसाठी. त्यांचे पेन्शनसाठीचे अर्ज गेले काही महिने वाचत होते आणि त्यांतली निदान एक तरी जागा डोळ्यांनी बघायची होती.

राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी पेटली. न्यूअर्क राजाच्या बाजूचं. गावानं तीन वेढे सोसले. शेवटच्या वेढ्यात बाहेर सुमारे १६,००० सैन्य, आत उपासमार आणि रोगराई, तरी गाव हटलं नाही. मे १६४६ मध्ये खुद्द राजानंच शरण जायचा हुकूम धाडला, तेव्हा कुठे दरवाजे उघडले.

ट्रेंट नदीच्या पुलावरून किल्ला अजून दणकट वाटतो. आत शिरलं की कळतं, नदीकडची भिंत आणि दरवाजाची इमारत तेवढी उभी आहे आणि मागे बाग. जिंकणाऱ्यांनी बाकीचा पाडायला लावला. बाजारचौकाजवळच्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या उंच मनोऱ्याला एक भोक आहे, ते वेढ्यातल्या गोळ्याचं असं गावकरी सांगतात. ट्यूडर राजांच्या काळातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत २०१५ पासून नॅशनल सिव्हिल वॉर सेंटर हे संग्रहालय आहे. तिथली वेढ्यातली नाणी चुकवू नका: पगार द्यायला पैसा उरला नाही म्हणून चांदीची भांडी कापून पाडलेली, थेट शंकरपाळ्याच्या आकाराची.

पण मला ओढ होती ती लढाई संपल्यानंतरच्या गोष्टीची. हात गेलेला, मांडीत गोळी राहिलेला माणूस घरी परतला. नांगर धरता येत नाही, मागावर बसता येत नाही. त्यानं खायचं काय?

कायदा होता. राणी एलिझाबेथच्या काळात, १५९३ साली केलेला. प्रत्येक पॅरिशकडून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीकडून, दर आठवड्याला काही पेन्स गोळा करायचे आणि त्यातून जिल्ह्यातल्या जायबंदी शिपायांना पेन्शन द्यायची. साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड, पण हातात पडायचे पुष्कळदा ४० शिलिंग. ४० शिलिंग म्हणजे दोन पौंड, ४८० पेन्स. पायदळातल्या शिपायाचा रोज ८ पेन्स. म्हणजे साठ दिवसांच्या पगारात वर्ष काढायचं, तेही बायकापोरांसकट.

आणि ते मिळवायला अर्ज. न्यायाधीश वर्षातून चार वेळा बसत, त्याला क्वार्टर सेशन्स म्हणत. नॉटिंगहॅमशरची ही कोर्टं जिल्ह्यात फिरती होती आणि त्यांतलं एक ठिकाण हेच न्यूअर्क. अर्जाचा कागद बहुतेक एकच, अक्षर लेखनिकाचं. मजकूर तृतीयपुरुषी: ‘आपला गरीब अर्जदार’ अमुक कॅप्टनच्या हाताखाली लढला, इथे इथे जखमी झाला, अंगातलं पुष्कळ रक्त गेलं, आता कामधंदा होत नाही, घरात लहान मुलं आहेत. शेवटी, आपल्यासाठी सदैव प्रार्थना करीन. पुष्कळांना सही येत नसे, मग नावाच्या जागी एखादी फुली नाहीतर वाकडी रेघ. मला सगळ्यात जास्त त्या रेघेनं धरून ठेवलं. बाकी सगळा मजकूर लेखनिकाच्या सवयीचा, तेवढी रेघ मात्र त्या माणसाच्या हातची.

सोबत दाखला हवा, आपल्या अधिकाऱ्याचा. अधिकारी लढाईत मेला असेल तर? परागंदा झाला असेल तर? मग जुन्या सोबत्यांना, गावातल्या चार प्रतिष्ठितांना गाठायचं. आमचे अण्णा फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. गुडघे पार गेलेत, तरी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे राहत, कागदांची पिशवी छातीशी धरून. हे अर्ज वाचताना ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आता खरी गोष्ट. युद्ध पार्लमेंटनं जिंकलं आणि १६४७ साली वटहुकूम काढून आपल्या जखमी शिपायांची सोय केली. एलिझाबेथच्या कायद्यात विधवा आणि अनाथ पोरं नव्हती, ती यात आली. हे मोठं पाऊल होतं आणि त्याचं श्रेय पार्लमेंटला द्यायलाच हवं. पण न्यूअर्कच्या तटावर राजासाठी पाय गमावलेल्याला यात जागा नव्हती. १६६० मध्ये त्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि पारडं फिरलं. १६६२ च्या कायद्यानं पेन्शन राजाच्या शिपायांना मिळाली, तीही शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिलेल्यांनाच. पार्लमेंटवाल्यांची नावं यादीतून गेली. पंधरा-सोळा वर्षं थांबलेले राजनिष्ठ आता अर्ज घेऊन आले, म्हातारे होऊन. आणि ज्यांची पेन्शन तुटली, त्यांचे तुटलेले हात काही परत उगवले नव्हते. मला दोन्हीकडच्यांसाठी सारखंच वाईट वाटतं, आणि दोन्ही सरकारांचा सारखाच राग येतो.

संध्याकाळी क्वीन्स स्कॉन्सवर गेले. गावाच्या नैर्ऋत्येला, डेव्हन नदीजवळ, राजाच्या सैन्यानं उभारलेला मातीचा कोट. वरून बघितलं तर चांदणीच्या आकाराचा. खंदकात उतरून पुन्हा तटावर चढताना मला धाप लागली. ही माती लोकांनी फावड्यानं उपसली आहे. आज तिथे गवत आहे, लोक कुत्री फिरवतात. कोपऱ्यावरच्या बुरुजाशी उभं राहिलं की गावातला मनोरा स्वच्छ दिसतो, आणि इथून जखमीला उचलून गावात न्यायचं अंतर केवढं असेल याचा अंदाज येतो.

पेन्शन तुटलेल्याला उरायची ती पॅरिशची गरीबमदत, १६०१ च्या कायद्याची. तिथे कुठल्या लढाईत काय गमावलं हे कोणी विचारत नसे, फक्त तू गरीब आहेस का आणि आमच्या गावचा आहेस का. त्याच १६६२ साली त्याच पार्लमेंटनं आणखी एक कायदा केला: वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात येऊन राहिलेला परका माणूस गावावर ओझं होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ गावी परत पाठवता येई. युद्धानं ज्याला घरापासून चार जिल्हे दूर नेलं, तिथेच लग्न झालं, पोरं झाली, त्या लंगड्या शिपायानं कुठलं गाव आपलं म्हणून सांगायचं?