चवीपुरतं मीठ

पाककृतीच्या शेवटी बिनधास्त लिहिलेलं असतं, 'मीठ चवीपुरतं'. हे लिहिणाऱ्याला एकदा आमच्या गावच्या समाराधनेला नेऊन ६०० माणसांच्या उसळीपुढे उभं करावं, असं माझ्या फार मनात आहे.

गाव वेंगुर्ल्याकडचं. बेत ठरलेला: भात, डाळ, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर. देवाचं म्हणून कांदा-लसूण नाही. आदल्या रात्री २० किलो वाटाणे भिजत पडतात आणि उजाडायच्या आत देवळामागे जांभ्याच्या चिऱ्यांच्या चुली पेटतात. बायका विळ्या घेऊन नारळांच्या ढिगाभोवती बसतात. खोबऱ्याबरोबर गावातल्या सगळ्या सोयरिकीही तिथेच खवून निघतात. आम्ही मुंबईवाले लाकडं ओढायची आणि मध्येमध्ये चहा प्यायचा.

मिठाचं काम मात्र आबांचं. नैवेद्य दाखवल्याशिवाय टोपातल्या कशाला जीभ लावायची नाही, त्यामुळे चाखून बघणं हा प्रकारच नाही. आबा टोपाजवळ येतात, झाऱ्याने रस एकदा वर घेऊन खाली सोडतात, वाफेत तोंड घालतात आणि पाच ओंजळी मीठ टाकून निघून जातात. मीठ खड्याचंच हवं. बारीक मीठ बोटांमधून गळतं, ओंजळीचा हिशेब राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी ते शिरोड्याच्या मिठागरांतून यायचं, १९३० साली सत्याग्रह झाला त्याच शिरोड्याच्या. आता दुकानातून पिशवी येते आणि आबा ती फोडून आधी खडा बोटांत चुरून बघतात.

"आबांनू, कळता कसा?" मी एकदा विचारलं.

"वासान."

मिठाला कसला आलाय वास! पण हे बोलायची सोय मला नाही, कारण त्याआधीच्या वर्षी मी पराक्रम केला होता. आबा नारळ फोडायला गेले, कुणीतरी लांबून ओरडलं, "मीठ पडला काय रे?" आणि मी, कामाचा माणूस दिसावं म्हणून, तीन ओंजळी टाकून मोकळा झालो. ते आधीच पडलं होतं. नैवेद्य झाल्यावर पहिला घास घेतलेल्या काकीचा चेहरा मला अजून दिसतो. बाहेर पंगत बसत होती. मग बटाटे सोलून, अर्धे कापून टोपात, वर दहा-बारा नारळांचा रस, पुन्हा जाळ. भजन चालू होतं, ते भजनीबुवांनी तीन अभंगांनी लांबवलं. देव त्या दिवशी खारट जेवला, एवढं मात्र खरं.

यंदा आबांचे गुडघे गेलेत. चुलीपासून चार हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते सगळ्यांवर ओरडत होते. उसळीला कढ आला तशी मला हाक मारली, माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"तुजी ओंजळ ल्हान. सा घाल."

सहा घातल्या. मग वाफेत तोंड घातलं. नाकात धूर गेला, डोळ्यांतून पाणी आलं. मिठाचा म्हणून काही वास आला नाही.

"इलो?" आबांनी विचारलं.

"इलो," मी म्हटलं.