पाचोळ्याखालची माती

आज परसातल्या कढीपत्त्याखालचं आच्छादन हाताने बाजूला केलं आणि तिथेच बसून राहिले. फेब्रुवारीत आंब्याची, बदामाची वाळकी पानं आणि थोडं उसाचं पाचट असा 3-4 इंचांचा थर दिला होता. मेचं ऊन, दोन दिवस पाणी नाही, तरी खालची माती गार, ओलसर! तळची पानं कुजून काळी, भुसभुशीत झालीत, त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे (ही बुरशीच पानं कुजवते, घाबरू नका) आणि चक्क एक गांडूळ. शेजारच्या उघड्या वाफ्यात मात्र खुरपं शिरेना. संध्याकाळी तिथेही पानं पसरली, खोडाभोवती चार बोटं जागा सोडून, नाहीतर ओलीने खोड कुजतं.

गल्लीतल्या सगळ्यांना विनंती, अंगणातला पाचोळा जाळू नका. पोतं घेऊन मी येते.