मोठ्या स्टेशनात उतरलं की आधी थांबायचं

भाची पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटी लांबच्या प्रवासाला निघालीय, मधे एका मोठ्या शहरात गाडी बदलायची आहे आणि हातात जेमतेम पाऊण तास. काल रात्री फोन, "मावशी, बाकी सगळं जमेल गं मला, पण ते स्टेशन केवढं मोठं आहे, तिथे उतरल्यावर मी नक्की करू काय?" मी म्हणाले, उतरल्यावर काहीच करू नकोस, आधी थांब. तिला पटलं नाही, पाऊण तासच आहे आणि मावशी थांब म्हणतेय! फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि मोठ्या स्टेशनात शिरलं की ज्यांच्या छातीत धडधडतं त्या सगळ्यांसाठी.

मी कॉलेजात होते तेव्हा एका मोठ्या जंक्शनवर मला असंच गाडी बदलायची होती. गाडीतून उतरले, सगळी गर्दी एका बाजूला निघाली, मीही निघाले, पूल चढले, उतरले, परत एक जिना, आणि बघते तर थेट स्टेशनच्या बाहेर, तेही ज्या बाजूला मला जायचंच नव्हतं त्या बाजूला. आत परत शिरायला दुसरं गेट, तिथे रांग, मग बाहेरून वळसा घालून पलीकडे पोचेपर्यंत माझी गाडी गेलेली. पुढची चार तासांनी. बॅगेवर बसून रडले होते मी. पण त्या चार तासांत बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली ती आजपर्यंत उपयोगी पडतेय: गर्दी घरी चाललेली असते. तिला तिची वाट पाठ असते, तुमची नाही. आपल्याला गाडी बदलायचीय आणि आजूबाजूच्या दहातल्या आठ जणांना बाहेर पडायचंय, मग त्यांच्या मागे जाऊन आपण बाहेरच पडणार ना.

तर थांबायचं. पण जिन्याच्या तोंडाशी किंवा सरकत्या जिन्याच्या समोर नाही, तिथे मागून येणारे अंगावर येतात. एखाद्या खांबाला नाहीतर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, बॅग पायाशी. दोन-तीन मिनिटांत एका गाडीची गर्दी बरीच ओसरते आणि मग जादू झाल्यासारखे बोर्ड दिसायला लागतात. ते आधीपासून तिथेच असतात, डोक्याच्या वर टांगलेले, पण गर्दीत बॅग ओढत चालताना आपली नजर पायाशी असते, वर बघायला सुचतच नाही.

मग पहिला प्रश्न प्लॅटफॉर्म कुठे हा नाही. पहिला प्रश्न, हे स्टेशन बांधलंय कसं? ढोबळमानाने दोन प्रकार. एक जिथे रूळ संपतात, म्हणजे टर्मिनस. तिथे सगळे प्लॅटफॉर्म हाताच्या बोटांसारखे शेजारी शेजारी आणि त्यांच्या टोकाला एक मोठा हॉल, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जायला बहुतेकदा जिना लागतच नाही, रूळ संपतात त्या बाजूला हॉलपर्यंत चालत जायचं आणि बाजूच्या बोटात शिरायचं. दुसरा प्रकार जिथे गाड्या आरपार जातात. तिथे प्लॅटफॉर्म बदलायचा म्हणजे वरून पूल किंवा खालून भुयारी मार्ग, त्यामुळे तिथे आधी नंबर शोधण्यापेक्षा पूल कुठे आणि भुयार कुठे ते शोधायचं, कारण कुठल्याही नंबरला जायची वाट तिथूनच फुटते. हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते, खरंच.

आणि काही स्टेशनं दोन-तीन मजल्यांवर पसरलेली असतात. बर्लिनचं मुख्य स्टेशन, 2006 साली सुरू झालेलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. तिथे पूर्व-पश्चिम जाणारे रूळ वरच्या मजल्यावर आणि उत्तर-दक्षिण जाणारे खाली जमिनीच्या पोटात, एकमेकांना काटकोनात. खाली 1 ते 8, वर 11 ते 16. म्हणजे तिकिटावर 13 दिसला की वर, 5 दिसला की खाली, नकाशा बघायचीही गरज नाही. बऱ्याच मोठ्या स्टेशनांत आकड्यांना असा काही ना काही अर्थ असतो, तो निघायच्या आदल्या रात्री शोधून ठेवायचा. आकडे 1 पासून सरळ ओळीने असतील असं मात्र धरून चालायचं नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉसला 2010 पासून 2021 पर्यंत चक्क शून्य नंबरचा प्लॅटफॉर्म होता, एक नंबरच्या बाजूला नवा बांधला आणि बाकीचे नंबर बदलायला नकोत म्हणून शून्य. नवखा माणूस तिथे "झिरो" ऐकून दुसऱ्यांदा विचारणारच.

आता इंडिकेटर, म्हणजे गाड्यांच्या वेळा दाखवणारा बोर्ड. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात असं माझं मत आहे, आणि फसायचं कारण साधं आहे, आपण बोर्डवर आपल्या गावाचं नाव शोधतो. बोर्डवर गाडी जिथे संपते त्या शेवटच्या स्टेशनचं नाव मोठं असतं, आपलं मधलं स्टेशन असलंच तर खाली बारीक अक्षरात सरकत असतं. म्हणून गाडीचा नंबर, तिचं शेवटचं स्टेशन आणि सुटायची वेळ या तीन गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवायच्या, फोनवर नाही, कागदावर, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते. बोर्ड सुटणाऱ्या गाड्यांचा आहे की येणाऱ्या तेही बघायचं. जर्मनीत सुटणाऱ्या गाड्यांचं छापील वेळापत्रक पिवळ्या कागदावर असतं, रंगावरूनच कळतं, सगळीकडे अशी सोय नसते. आणि पॅरिसच्या मोठ्या टर्मिनसवर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधीच बोर्डवर येतो, तोपर्यंत सगळे मान वर करून उभे. हे माहीत नसेल तर माणूस घाबरून उगाच इकडेतिकडे पळतो. नंबर दिसत नाही याचा अर्थ आपलं काही चुकलंय असा नसतो, अजून लावलेला नसतो एवढंच.

बाहेर पडायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्लॅटफॉर्मपेक्षा एक्झिट महत्त्वाचा. टोकियोचं शिंजुकू हे जगातलं सगळ्यात वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनीजमध्ये नोंदलेलं, कोविडच्या आधी दिवसाला 35 लाखांच्या आसपास माणसं आणि 200 हून जास्त एक्झिट. चुकीच्या एक्झिटने बाहेर आलात की इमारती वेगळ्या, रस्ता वेगळा, जणू दुसऱ्याच शहरात. त्याहून त्रासदायक म्हणजे 2020 च्या जुलैपर्यंत त्या स्टेशनच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ आरपार जायचं तर तिकिटाच्या गेटच्या आतून जावं लागायचं, नाहीतर बाहेरून वळसा, मग त्या वर्षी पूर्व-पश्चिम मोकळा रस्ता उघडला. माझ्या जंक्शनवर माझं नेमकं हेच झालं होतं, गेटच्या बाहेर पडले आणि पलीकडची बाजू तुटली. म्हणून गेटमधून तिकीट टाकायच्या आधी, परत सांगते, आधी, भिंतीवरचा एक्झिटचा तक्ता वाचायचा. ज्याच्याकडे जायचंय त्याला पत्ता विचारताना "कुठल्या स्टेशनला उतरू" एवढंच न विचारता "कुठल्या एक्झिटने बाहेर येऊ" हेही विचारायचं.

बाणांबद्दल. वर तोंड केलेला बाण बहुतेक वेळा "सरळ पुढे" असं सांगत असतो, वरच्या मजल्यावर जा असं नाही. माझ्या आईने एकदा त्या बाणावर विश्वास ठेवून चांगले दोन जिने चढले होते आणि तिचे गुडघे आधीच दुखरे. जिन्याचं छोटं चित्र सोबत असेल तरच वर जायचं. हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस म्हणजे आग-बिग लागली तर पळायचा दरवाजा, नेहमीचा बाहेर जायचा रस्ता नाही, तिकडे जाऊन बंद दार ढकलत बसू नये. आणि पाट्या साखळीसारख्या असतात, जिथे वळायचा निर्णय घ्यायचा तिथे पाटी असायलाच हवी. दोन वळणं झाली आणि आपल्या नंबरची पाटी दिसली नाही तर पुढे जायचं नाही, जिथे शेवटची दिसली होती तिथे परत यायचं. मागे येण्यात वेळ जातो असं वाटतं पण पुढे भरकटण्यात त्याच्या तिप्पट जातो.

भिंतीवरच्या "तुम्ही इथे आहात" नकाशासमोर मी आधी नेहमी गोंधळायचे. कारण नकाशात वरची बाजू म्हणजे आपल्या समोरची बाजू असेलच असं नाही. आता मी आधी आजूबाजूची एक ठळक गोष्ट शोधते, मोठं घड्याळ किंवा तिकीट खिडक्या, ती नकाशात कुठे आहे ते बघते आणि मग स्वतःच तेवढी वळून उभी राहते. फोनमधल्या नकाशावर जमिनीखाली भिस्त ठेवू नये, उपग्रहाचा सिग्नल तिथे पोचत नाही, निळा ठिपका भलतीकडेच नाचतो आणि आपण कितव्या मजल्यावर आहोत हे तर त्याला बहुतेक कळतच नाही.

आईवरून आठवलं. तिच्यासोबत फिरायला लागल्यापासून मी स्टेशन वेगळ्या नजरेने बघते. तरुण असताना लिफ्ट कुठेय हा प्रश्नच पडला नव्हता, आता पहिला तोच. बऱ्याच स्टेशनांत लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या पार एका टोकाला असते आणि आपला डबा दुसऱ्या टोकाला, मग तेवढं सगळं चालायचं. म्हणून शक्य असेल तर डबाच त्या टोकाचा घ्यायचा. टोकियोच्या भुयारी रेल्वेत प्लॅटफॉर्मवर तक्ते असतात, कितव्या डब्यात बसलात तर उतरल्यावर लिफ्ट किंवा जिना समोर येईल ते सांगणारे. त्या तक्त्यांची सुरुवात एका आईने केली, लहान बाळाची बाबागाडी घेऊन लिफ्ट शोधताना हाल झाले म्हणून नव्वदच्या दशकात तिने स्वतः एकेक स्टेशन फिरून टिपणं काढली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला फार भरून आलं होतं. कारण स्टेशन बांधणाऱ्यांना जे दिसलं नाही ते बाळ घेऊन चालणाऱ्या बाईला दिसलं.

आणि जमिनीवरची ती पिवळी उंचवटे असलेली पट्टी, ती शोभेची नाही. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी ती काढली आणि 1967 साली ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवली, दृष्टी नसलेल्या लोकांना पायाने वाट कळावी म्हणून. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, इथे काहीतरी आहे, जिना, वळण किंवा प्लॅटफॉर्मची कड. पाट्या गर्दीत दिसेनाशा झाल्या तर मी खाली ती पट्टी बघते, जिने, लिफ्ट, गेट यांच्याकडे ती बहुतेक वेळा घेऊन जाते. पण हात जोडून विनंती, तिच्यावर बॅगा ठेवून उभे राहू नका. कोणाची तरी ती एकमेव वाट असते.

विचारायला लाजू नये हे सगळेच सांगतात, पण कसं विचारायचं ते कोणी सांगत नाही. "अमुक गाडी कुठे लागते" असं विचारलं तर लांबलचक उत्तर मिळतं आणि त्यातलं पहिलं वळणच लक्षात राहतं. तिकीट हातात धरून दाखवायचं आणि फक्त पुढचा टप्पा विचारायचा, "पूल या बाजूला की त्या बाजूला?" तिथे पोचलं की पुढच्या माणसाला पुढचा टप्पा. पळणाऱ्याला विचारायचं नाही, युनिफॉर्ममधला कोणी दिसला तर त्यालाच.

कोणाला भेटायचं असेल तर "गेटपाशी" हा शब्द वापरूच नये, गेट वीस असतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमध्ये, 44 प्लॅटफॉर्म, दोन मजले, तरी लोक एकमेकांना बरोब्बर सापडतात कारण मधल्या हॉलमध्ये चौकशीच्या खिडकीवर चार तोंडांचं एक घड्याळ आहे आणि सगळे तिथेच भेटतात. प्रत्येक स्टेशनात असं काहीतरी असतं, जे एकच आहे आणि लांबून दिसतं. ते हेरून ठेवायचं.

भाचीला हे सगळं पाठवलंय. तिची गाडी कुठल्या शेवटच्या स्टेशनची आहे ते तिने स्वतः शोधून कागदावर लिहिलं, फोटो पाठवला. आता एवढंच सांगितलंय की उतरलीस की खांबापाशी उभी राहा, समोर जो बोर्ड दिसेल त्याचा फोटो मला पाठव आणि मग चालायला लाग. गुरुवारी सकाळी साडेनऊला फोन हातात घेऊनच बसणार आहे मी.