नाकावर काय लावता, हे तुम्ही विचारलेत म्हणून

हाताने शिवलेल्या टेडी अस्वलांची नाके, पापण्या आणि पंजे मी सुईने लोकर टोचून घडवते. हे काम टिकावे म्हणून वरून काय लावता, हा प्रश्न मला प्रदर्शनात आणि फोनवर सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा वार्निश किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल असतो, आणि मी दोन्ही वापरत नाही म्हटले की मी गुपित लपवते आहे किंवा कामात कुचराई करते आहे, असा समज होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाक टिकते ते आतल्या टोचणीमुळे. मोहेअरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, कापडावरची लव नाकाच्या जागी मुळापर्यंत कातरली आणि लोकरीचे तंतू कापडाच्या विणीतून थेट आतल्या भरणापर्यंत पोहोचले, तर ते नाक सहजासहजी उपटून निघत नाही. टोचायच्या सुईच्या कडांना बारीक खाचा असतात आणि त्याच तंतू आत ओढतात. आकार मी ३८ क्रमांकाच्या सुईने देते आणि शेवटचा हात ४० क्रमांकाच्या बारीक सुईने, तिरका आणि उथळ, म्हणजे वर छिद्रे दिसत नाहीत. मग सुटे तंतू छोट्या कात्रीने छाटायचे आणि ओलसर सुती फडके ठेवून इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवायचे. एवढे करूनही अंगठ्याखाली नाक दबत असेल, तर त्यावर काहीही लावले तरी उपयोग नाही.

वार्निशबद्दल मी इतकी हट्टी का आहे, ते एका अस्वलामुळे. एका बाईंनी वडिलांच्या जुन्या लोकरी मफलरचे तुकडे कानांच्या आत वापरून मुलासाठी अस्वल करून घेतले होते. मुलगा झोपताना त्याचे नाक अंगठ्याने चोळत असे, त्यामुळे नाकावर तंतू उभे राहू लागले, आणि ते थांबावे म्हणून बाईंनी त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले. काळजीपोटीच दिले, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. अस्वल माझ्याकडे परत आले तेव्हा नाक काचेसारखे चकाकत होते, त्यावर पांढरट भेगा होत्या आणि नेलपॉलिश तंतूंमधून झिरपून तोंडाच्या रेषेपर्यंत उतरले होते. खालची लोकर लवचीक आणि वरचा थर कडक, त्यामुळे प्रत्येक दाबाबरोबर तो थर तडकत गेला होता. मी वेगळ्या तुकड्यावर तीच लोकर टोचून, तेच नेलपॉलिश लावून ते अ‍ॅसिटोनने काढून पाहिले. ते विरघळले, पण आणखी खोल गेले आणि कडेला काळा रंग पसरला. अस्वलाच्या फिकट मोहेअरवर तो धोका पत्करणे शक्य नव्हते. नवी लोकर टोचायला गेले तर कडक थरावर सुया मोडल्या, आणि मोडलेले टोक मुलाच्या खेळण्यात राहणे म्हणजे काय, हे सांगायला नको. शेवटी वाकड्या टोकाच्या कात्रीने ते नाक पातळ कापे काढत काढत पूर्ण काढून टाकले आणि नवे घडवले. मूळ नाक डावीकडे किंचित कललेले होते; तो कल मला हुबेहूब साधला नाही. मुलाला तो अंगठ्याला जाणवला, असे बाईंनी नंतर कळवले. सूर तक्रारीचा नव्हता, तरीही ते वाचून मी फार अस्वस्थ झाले.

तेव्हापासून माझा निकष एकच आहे: नाकात सुई पुन्हा शिरली पाहिजे. तंतू उभे राहिले तर ते पुन्हा टोचून बसवता येतात, म्हणून प्रत्येक अस्वलासोबत मी त्याच नाकाची चिमूटभर लोकर पुडीत देते. या निकषावर मी स्वतः मात्र पूर्ण उतरत नाही, कारण नाकावर मी मधमाश्यांचे मेण लावते. अगदी पातळ खरवडून, केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन, बोटाने जिरवते. पूर्वी मी म्हणत असे की चांगल्या टोचलेल्या लोकरीला आवरण लागतच नाही, आणि ती जुनी मी आजच्या मला विचारू शकते की मेणही सुईच्या खाचा बुजवतेच ना. बुजवते. माझे उत्तर इतकेच की मेण उबेने मऊ होते आणि आकार पुन्हा दाबून घेता येतो. नेलपॉलिशचे तसे होत नाही. हे उत्तर मलाही पूर्ण पटलेले नाही. पापण्या आणि पंजे मी कोरेच ठेवते.

लोकरीला लागणाऱ्या कसर या किडीबद्दलही विचारणा होते. कसरीची अळी लोकर खाते आणि तिला अंधार व निवांतपणा आवडतो. म्हणून अस्वल कपाटात कोंडू नका, वरचेवर मऊ ब्रशने झटका. शंका आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर जमेल, लोकरीवर नाही. मुलाच्या अंथरुणातल्या खेळण्यात डांबराच्या गोळ्या मात्र नकोत.

मेणाचा प्रश्न विदर्भात जास्त अवघड होतो. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण मऊ त्याच्या बरेच आधी पडते. नागपूरच्या मे महिन्यात मेण लावलेले नाक चिकट होऊन धूळ धरते. म्हणून तिकडच्या मागण्यांना मी सध्या बिनमेणाचे नाक देते आणि तंतू उभे राहिले तर अस्वल परत पाठवा, मी टोचून देईन, असे सांगते. काहींना ही सोय वाटते, काहींना अपुरे काम. दुसऱ्या गटाला मी अजून समजावू शकलेले नाही.