पावलांनी धरलेली लय

टोरंटोतील एका वाद्यवृंदात मी व्हायोला वाजवतो. मागच्या हिवाळ्यात पश्चिम तिबेटातील ‘तोशे’ या नृत्यगीतांवर आधारलेली एका तरुण संगीतकाराची नवी रचना आम्ही तालमीला घेतली. तिबेटकडे वळलेले पाश्चात्त्य संगीतकार बहुधा मठापाशी थांबतात. लांबलचक कर्णे आणि भिक्षूंचे खर्जातील पठण ‘कुंदुन’ (१९९७) या चित्रपटाच्या फिलिप ग्लास यांच्या संगीतामुळे जगभर पोहोचले. लोकगीतांकडे वळणारे त्या मानाने थोडे. चिनी-अमेरिकन संगीतकार ब्राइट शेंग चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कोवळ्या वयात तिबेटला लागून असलेल्या चिंगहाई प्रांतात पाठवले गेले, तिथे सात वर्षे राहिले, आणि तिथल्या लोकसंगीताचा ठसा त्यांच्या वाद्यवृंदरचनांवर कायम राहिला.

आमची अडचण द्रुत भागात होती. तोशेमध्ये संथ गायनानंतर लय एकदम चढते आणि नर्तक पावलांनी जमिनीवर ठेका धरतात. आम्ही स्वरलिपीबरहुकूम वाजवत होतो, सूर अचूक होते, तरीही सगळे जड वाटत होते. एके दिवशी पार्कडेल भागात राहणारे एक वयस्कर तिबेटी वादक ड्रान्येन हे तिबेटी तंतुवाद्य घेऊन तालमीला आले. धरमशालेच्या तिबेटी कलासंस्थेत शिकलेले असल्याने ते सफाईने हिंदी बोलत, म्हणून कंडक्टरने मला त्यांच्या शेजारी बसवले.

ड्रान्येनला तारांच्या तीन जोड्या असतात, पडदे नसतात आणि कोरलेल्या लाकडी पोकळीवर कातडे ताणलेले असते, त्यामुळे आवाज कोरडा आणि लगेच विरणारा. त्यांनी आमचीच चाल छेडली आणि बसल्या बसल्या पाय आपटू लागले. आम्ही प्रत्येक मापाच्या पहिल्या मात्रेवर जोर देत होतो. त्यांचे पाऊल मात्र अनेकदा दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होते. चाल पाच स्वरांची होती आणि माझ्या कानाला पहिल्यांदा भूपच ऐकू आला, पण न्यासाची, म्हणजे चाल विसावते त्या स्वराची, जागा वेगळी होती, त्यामुळे भूपाची ओढ मला मनातून बाजूला सारावी लागली.

“खाली एवढे सूर कशासाठी?” त्यांनी मला विचारले. चेलो आणि डबल बासच्या भरगच्च स्वरसंगतीबद्दल ते बोलत होते. या परंपरेत वेगवेगळी वाद्ये एकच चाल आपापल्या ढंगाने वाजवतात, जशी आपल्याकडे पेटीची साथ गायकाच्या मागोमाग जाते. मी तो प्रश्न जसाच्या तसा कंडक्टरपुढे ठेवला. संगीतकार तिथेच होत्या. त्यांनी पेन्सिल घेऊन द्रुत भागातले बासचे सूर खोडले, आणि पावलांचा ठेका लाकडी ठोकळ्यावर वाजवण्यासाठी तालवादकाला लिहून दिला. मग आम्ही प्रत्येक बाकावर तीच चाल किंचित वेगळ्या हरकती घेऊन वाजवली. पहिल्याच फेरीत ती उचलली गेली!

शेवटच्या भागातली स्वरसंगती मात्र संगीतकारांनी ठेवली. ही रचना वाद्यवृंदाची आहे आणि त्याचा भरीव नाद कुठेतरी ऐकू यायलाच हवा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते पटले. वादक काकांना अजूनही पटलेले नाही.